देगाच्या नर्तकी आणि पॅरिस ऑपेरा: चित्रं कशी रचली, कशाने रंगवली

रंगरेषा

एडगर देगाने (१८३४–१९१७) नर्तकी हा विषय एकदा धरला तो जवळजवळ चाळीस वर्षं सोडला नाही. तैलचित्रं, पेस्टल (सुक्या, भुकटी सुटणाऱ्या रंगखडूंची चित्रं), छापे, रेखाटनं, शिल्पं असं सगळं मिळून आकडा दीड हजाराच्या घरात जातो. त्यात भर प्रयोगातली चित्रं आहेत, पण जीव ओतलाय तो तालमीवर. कोणी बुटाची फीत बांधतेय, कोणी घोटा चोळतेय, कोणी नुसतीच कंटाळून उभी आहे.

या चित्रांबद्दल ‘क्षण अचूक टिपला’ असं वरचेवर लिहिलेलं असतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हे क्षण स्टुडिओत बसून, जुनी रेखाटनं पुढे घेऊन, आकृत्या इकडच्या तिकडे हलवून रचलेले आहेत. त्यासाठी ही तीन उदाहरणं बघा.

पहिलं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला १८७४चा ‘नृत्यवर्ग’, सुमारे ८३.५ × ७७ सेंमी. मुली आणि त्यांच्या आया मिळून दोन डझन बायका एका दालनात आहेत आणि मध्ये जूल पेरो काठीवर भार देऊन उभा आहे. हा पेरो स्वतः एके काळचा नामांकित नर्तक, १८४१च्या ‘जिझेल’ या बॅलेच्या नृत्यरचनेत त्याचा हात होता. चित्रातली खोली आहे ल पेलेतिए रस्त्यावरच्या जुन्या ऑपेरागृहातली, आणि ते ऑपेरागृह २८ ऑक्टोबर १८७३च्या रात्री आगीत जळून गेलं होतं. म्हणजे चित्र पुरं झालं तेव्हा खोलीच शिल्लक नव्हती. आरशाशेजारच्या भिंतीवर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराचं पोस्टर आहे, कारण चित्र ज्याने सांगून करून घेतलं तो जाँ-बातिस्त फोर गायक होता.

दुसरं, पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातलं ‘ऑपेराचा वाद्यवृंद’, साधारण १८७०चं. बासून हे लांब नळीचं फुंकवाद्य वाजवणारा देझिरे दियो देगाचा मित्र होता. खरं तर बासूनवाल्याची जागा मागे असते. देगाने त्याला उचलून पुढच्या रांगेत मधोमध बसवलं आणि वर नाचणाऱ्या मुलींची डोकी चौकटीबाहेर काढून टाकली.

तिसरं मला सगळ्यात बोलकं वाटतं. अल्बेर हेश्त या ओळखीच्या माणसाला देगाने पत्र लिहून नृत्यपरीक्षेच्या दिवसाचा पास मागितला. त्यात त्याने सरळ कबूल केलंय की परीक्षेची चित्रं आपण भरपूर केली, पण परीक्षा अजून पाहिलेली नाही.

रंगमंच, नृत्य, छापा, जतन, ज्याला जे ठाऊक आहे त्याने ते इथे नेमकं लिहावं.

तिसरी_घंटा

उजेडाबद्दल लिहितो, कारण प्रतिकृती करणारे तिथेच चुकतात.

ल पेलेतिएमध्ये गॅसचे दिवे होते. मंचाच्या पुढच्या कडेला फूटलाइटची रांग, विंगांमध्ये उभ्या रांगा आणि वर झालरींच्या आड आणखी काही. फूटलाइटचा उजेड खालून येतो, त्यामुळे रोजच्या उजेडातल्या सावल्या उलट्या पडतात. हनुवटीखालचा भाग, नाकपुड्या, वरच्या पापणीची खालची बाजू आणि भुवईखालचा खळगा उजळतो. कपाळ, गालाचा वरचा भाग आणि नाकाची वरची बाजू त्या मानाने काळवंडते. झग्याचा खालचा थर आतून पेटल्यासारखा दिसतो आणि वरचा थर करडा. काही चेहरे मुखवट्यासारखे वाटतात त्याचं कारण हेच. नवशिका माणूस चेहरा नेहमीच्या सवयीने वरून उजळतो आणि झगा तेवढा खालून. मग डोकं दुसऱ्याच चित्रातून आणून बसवल्यासारखं होतं.

‘मंचावरील तालीम’ या एकाच रचनेच्या साधारण १८७४च्या तीन आवृत्त्या आहेत. ऑर्सेमधली करड्या-तपकिरी छटांतली आहे, ती १८७४च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात होती. दुसऱ्या दोन मेट्रोपॉलिटनमध्ये आहेत, एक शाईच्या रेखाटनावर पेस्टल आणि दुसरी टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तैलरंगातली. तिन्ही शेजारी ठेवून बघा. ऑर्सेच्या आवृत्तीत रंग जवळजवळ नाहीच, तरी उजेड कुठून येतो हे बिनचूक कळतं. सराव करायचा तर आधी ती एकरंगी करावी.

उजेडाचीच दुसरी बाजू म्हणजे आग. झगे टार्लटन नावाच्या विरळ, खळ दिलेल्या सुती कापडाचे असत. थरांमध्ये हवा खेळती, म्हणून ठिणगी लागली की क्षणात पेट घेत. नोव्हेंबर १८६२मध्ये याच ऑपेरात तालमीच्या वेळी एमा लिव्हरी या तरुण नर्तकीचा झगा गॅसच्या ज्योतीने पेटला आणि काही महिन्यांनी ती गेली. कापड क्षारांच्या द्रावणात बुडवून न पेटणारं करण्याची रीत तेव्हा होती. पण त्याने कापड ताठ आणि मळकट दिसे, नर्तकींना ते नको असे. ते पांढरेशुभ्र झगे बघताना हेही लक्षात असावं.

शाईपेन

सुंदर चाललाय धागा. एक शंका. बऱ्याच चित्रांत विंगेत काळ्या कोटातला, उंच टोपीचा एखादा पुरुष उभा असतो. तो व्यवस्थापक का?

तिसरी_घंटा

@शाईपेन, नाही, तो वर्गणीदार. ऑपेराचे धनाढ्य वर्गणीदार ठरलेल्या वारांची जागा वर्षभरासाठी घेत. त्यांच्यातल्या बड्यांना विंगेत आणि नर्तकींच्या दालनात यायची मुभा असे. मुली बहुतेक गरीब घरच्या, पगार तुटपुंजा, आणि पुढची भूमिका किंवा घरखर्च कित्येकदा अशा एखाद्या माणसाच्या मर्जीवर. आया शेजारी बसलेल्या दिसतात त्या राखणीला आणि पुष्कळदा बोलणी करायलाही.

ऑर्सेमधलं ‘तारका’ (साधारण १८७६) नीट बघा. पुढे एकटी मुलगी उजेडात झेपावलेली आणि मागे पडद्याच्या कडेला काळा सूट. त्याचा चेहरा पडद्याआड गेलाय, धड आणि पाय तेवढे दिसतात. देगाला त्या माणसाचं नाव सांगायचं नव्हतं, त्याची जागा दाखवायची होती, असं मी मानतो.

ततकार

नृत्याच्या बाजूने काही गोष्टी.

ऑपेराच्या शाळेतल्या लहान मुलींना ‘छोटे उंदीर’ म्हणत. पुढे परीक्षा देत देत पायऱ्या चढायच्या. आधी काद्रिल म्हणजे समूहातली शेवटची फळी, मग कोरिफे, मग सुजे, आणि सगळ्यात वर एत्वाल म्हणजे तारका. त्यामुळे ‘नृत्यवर्गा’त एक मुलगी मध्ये पाय मागे उचलून उभी आहे आणि बाकीच्या ताटकळल्या आहेत, तिथे पोटापाण्याचा निकाल लागतोय.

ऑर्सेच्या ‘नृत्यवर्गा’त (१८७३–७६) पुढच्या बाजूला जमिनीवर एक झारी आहे. ती शोभेची नाही. लाकडी तक्त्यांवर धूळ उडू नये आणि पाय सटकू नये म्हणून पाणी शिंपडत. तिथेच पियानोवर बसून पाठ खाजवणारी मुलगी आहे, पायाशी छोटं कुत्रं आहे.

आता चित्रं काढणाऱ्यांसाठी. बॅलेत पाय बाहेर वळतो तो खुब्यातून. मांडी, गुडघा, पाऊल तिन्ही एकाच दिशेला वळायला हवीत. नक्कल करताना लोक नुसतं पाऊल वळवतात आणि गुडघा समोर ठेवतात. अशी मुलगी प्रत्यक्षात उभी राहिली तर तिचा गुडघा दुखावेल, आणि ती चूक बघणाऱ्याला नाव घेता आलं नाही तरी खटकते. देगा गुडघ्याची वाटी कुठे तोंड करून आहे ते एका ठळक रेघेने सांगतो. आधी ती रेघ शोधा, मग पाऊल काढा.

दुसरं, भार. दमलेली नर्तकी एका पायावर भार टाकते, तेव्हा त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि खांदा खाली येतो. झग्याचा घेर कंबरेवर बसवलेला असतो, म्हणून तोही तिरका व्हायला हवा. झगा आडवा सरळ काढला की आकृती बाहुलीसारखी ताठते.

तिसरं, जमीन. पॅरिस ऑपेराच्या मंचाला प्रेक्षकांकडे उतार आहे, आत्ताच्या गार्निए इमारतीत तो साधारण ५ टक्के. त्यात देगा क्षितिजरेषा फार वर घेतो, कधी चौकटीच्याही बाहेर. त्यामुळे तक्त्यांची मोठी मोकळी जागा पुढे पसरते. ती भरायचा मोह टाळावा. आकृत्यांमधलं अंतर त्या मोकळ्या जमिनीवरच कळतं.

झिंकप्लेट

‘तारका’चा उल्लेख आला म्हणून. ते नुसतं पेस्टल नाही, खाली मोनोटाइप आहे, म्हणजे न कोरलेल्या पत्र्यावर शाईने चित्र काढून घेतलेला छापा. देगाने हे तंत्र १८७०च्या दशकाच्या मध्यावर लुदोविक लेपिक या मित्राबरोबर हाताळायला घेतलं. ‘बॅले मास्टर’ या छाप्यावर दोघांच्याही सह्या आहेत, तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

पद्धत अशी. गुळगुळीत पत्र्यावर तेलाची छापाईची शाई लावायची. दोन वाटा आहेत. एक, सगळा पत्रा काळा करून चिंधी, बोट, ब्रशचं मागचं टोक यांनी उजेड पुसून काढायचा. दुसरी, कोऱ्या पत्र्यावर ब्रशने शाईचं चित्र काढायचं. मग ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. पत्र्यावर काही कोरलेलं नसतं, म्हणून पहिला छापा गडद येतो आणि शाई बहुतेक संपते. देगा तिथे थांबत नसे. उरलेल्या शाईवर दुसरा कागद चालवून तो फिकट छापा काढी आणि त्यावर पेस्टल चढवी. त्या फिकट छाप्यात उजेड-अंधाराची मांडणी आयती मिळते, रंगाला मोकळीक राहते.

घरी करायचं असेल तर:

पत्रा झिंकचा हवाच असं नाही, २–३ मिमी जाड अॅक्रिलिक शीट चालते. कडा मात्र कानशीने उतरत्या करा, नाहीतर कागद कापतो. कागद २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) सुती. साधारण १५ मिनिटं पाण्यात भिजवा आणि मग दोन टॉवेलांमध्ये दाबा. वर पाण्याची चमक दिसली तर अजून ओला आहे. तसाच लावला तर शाई घेत नाही, पांढरे डाग राहतात. शाई रोलरखाली बारीक चरचर करेल इतपत पातळ थरात हवी. चिकट चपचप आवाज आला म्हणजे जास्त झाली, दाबाखाली ती कडेने पसरते आणि पुसून काढलेल्या नाजूक रेघा बुजतात.

प्रेस नसेल तर लाकडी चमच्याच्या पाठीने मध्यापासून बाहेर घासत जा. पहिला छापा येईल, दुसरा मात्र फारच पुसट येतो, कारण हाताचा दाब कमी. मग पहिल्यालाच शाई कमी वापरा आणि त्यावरच पेस्टल करा.

सगळ्यात मोठी चूक घाईची. शाई ओली असताना पेस्टल लावलं तर भुकटी शाईत बसून चिखल होतो, आणि वर घासलं की काळं रंगात चढतं. आठवडाभर वाळू द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. बोटाला काही लागत नाही याची कोपऱ्यात खात्री करूनच पुढे जा.

शाईपेन

आणि ते टर्पेंटाइनने पातळ केलेले तैलरंग? साधे तैलरंग पातळ केले तर कागदावर तेलाचं कडं उमटतं.

रंगरेषा

@शाईपेन, कडं येतं कारण तेल आधी काढलेलं नसतं. देगा ट्यूबमधला रंग शोषक कागदावर पसरून ठेवी. तेल कागदात उतरलं की उरलेला घट्ट रंग टर्पेंटाइनमध्ये कालवायचा. तो जलरंगासारखा वाहतो, लगेच वाळतो, मॅट दिसतो, आणि त्यावर पेस्टलही बसतं. टीपकागदाच्या तीन-चार घड्यांवर रंग दोन-तीन तास ठेवा, कागद एकदा बदला. रंग चमकायचा थांबून लोण्यासारखा दिसला की झाला. जास्त वेळ ठेवला तर रंगाला धरून ठेवणारं काही उरत नाही, वाळल्यावर हाताला भुकटी लागते. काम खिडकी उघडी ठेवून करा. आणि तारपीन म्हणून रंगाच्या दुकानात जो स्वस्त थिनर देतात तो वापरू नका.

आता पेस्टल. आधी एक खुलासा. आपल्याकडे दुकानात नुसतं पेस्टल मागितलं की बहुतेक वेळा तेलकट खडू हातात पडतात. इथे बोलतोय ते सुके, भुकटी सुटणारे सॉफ्ट पेस्टल. तेलकट खडूंनी यातलं काहीही होणार नाही.

देगाच्या उत्तरकाळातल्या पेस्टलमध्ये थर वेगळे दिसतात. उदाहरणार्थ मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयातल्या ‘निळ्या नर्तकी’ (साधारण १८९७, अंदाजे ६५ × ६५ सेंमी). निळ्याखाली हिरवा, मध्येच नारिंगी, आणि तरी कुठे गढूळ नाही. कारण तो एक थर लावून फिक्सेटिव्हने (भुकटी कागदाला धरून ठेवणाऱ्या द्रवाने) पक्का करी आणि मगच वरचा थर आडव्या-उभ्या रेघांनी चढवी. रेघांच्या फटींतून खालचा रंग दिसत राहतो. बोटाने चोळून रंग मिसळणं ही पेस्टलची सोपी वाट, ती तो वरच्या थरांत टाळतो. फिक्सेटिव्ह त्याला लुइजी कियालिव्हा हा इटालियन चित्रकार करून देई आणि त्याची कृती गुप्त होती. कधी तो पेस्टलवर उकळत्या पाण्याची वाफ सोडून भुकटीचा लगदा करी आणि ब्रशने तो फिरवी.

हल्लीच्या फवाऱ्याच्या डब्याने करताना प्रत्येक थरानंतर ३०–४० सेंमी अंतरावरून दोन हलके हात, मध्ये दहा मिनिटं. जवळून मारलं तर थेंब पडून ठिपके उमटतात. फिक्सेटिव्हने रंग एक-दोन छटा गडद होतात, पांढरा तर जवळजवळ गायब होतो. म्हणून खालचे थर हवेत त्याहून उजळ ठेवायचे आणि सगळ्यात वरचा थर, विशेषतः झग्यावरचा पांढरा, अजिबात फवारायचा नाही. वाफेचा प्रयोग करायचा तर कागद आधी बोर्डवर चारी बाजूंनी चिकटवून घ्या, नाहीतर पापडासारखा वळतो.

उशिराच्या चित्रांत त्याने ट्रेसिंग पेपर फार वापरला. एक आकृती कोळशाने काढायची, वर दुसरा ट्रेसिंग ठेवून तीच थोडी बदलून घ्यायची, कागद उलटा करून डावीची उजवी करायची. मग आवडलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा, आणि हात किंवा पाय बाहेर जातोय असं दिसलं तर खाली-बाजूला कागदाची पट्टी जोडायची. जवळून बघितलं तर काही पेस्टलमध्ये हे जोड दिसतात. हे क्षण टिपलेले नाहीत, रचलेले आहेत या माझ्या वरच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही. एकच मुलगी चार चित्रांत वेगवेगळ्या घोळक्यांत उभी असते.

माउंटबोर्ड

फ्रेमवाल्यांच्या चुकांमुळे चांगली पेस्टलं वाया जातात, म्हणून थोडक्यात. काच पेस्टलला टेकता कामा नये, किमान ५ मिमी फट ठेवणारी पट्टी किंवा जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा. काचेऐवजी साधं अॅक्रिलिक लावू नका, त्यावर स्थिर वीज जमते आणि भुकटी उडून आतून चिकटते. माउंट आम्लरहित. माउंटच्या आत खालच्या बाजूला लपलेली फट सोडली तर गळणारी भुकटी तिथे पडते, माउंटवर नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. कागदाला आणि फिक्सेटिव्हला बुरशी धरते, आणि पेस्टलवरची बुरशी रंग न हलवता पुसता येत नाही.

आणि शिल्पाबद्दल कोणीच बोललं नाही. ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’ १८८१च्या सहाव्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवली होती. देगाच्या हयातीत प्रदर्शित झालेलं हे एकमेव शिल्प. संग्रहालयांत दिसतात ते कांस्याचे ओतीव त्याच्या मृत्यूनंतर एब्रार फाउंड्रीने केलेले. मूळ आकृती मेणाची, बैठकीशिवाय सुमारे ९९ सेंमी उंच, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. आत धातूचा सांगाडा, दोरी, आणि क्ष-किरणांत चक्क रंगाचे ब्रश दिसतात. बाहेर खरी कापडी चोळी, खरा झगा, खरे केस, खरी फीत. चोळीवर मेणाचा पातळ हात आहे, त्यामुळे कापड कुठे संपतं आणि अंग कुठे सुरू होतं ते चटकन कळत नाही. समीक्षकांनी तिला कुरूप म्हणून झोडपलं. मॉडेल मारी व्हान गोटेम, बेल्जियमहून आलेल्या कुटुंबातली, आई कपडे धुण्याचं काम करी. १८८२मध्ये वर्ग बुडवले म्हणून ऑपेराने तिला काढून टाकलं.

ततकार

तिची पोझ बॅलेतल्या चौथ्या स्थितीची (एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, मध्ये अंतर) सैल आवृत्ती आहे. पुढचा पाय बाहेर वळलेला, हात मागे गुंफलेले, हनुवटी वर. नाचाची पोझ नव्हे, दोन सूचनांच्या मधली. कांस्य प्रतीत झगा अधूनमधून बदलतात, म्हणून वेगवेगळ्या संग्रहालयांत लांबी वेगळी दिसते. त्यावरून मूळ झग्याबद्दल अनुमान काढू नये.

शाईपेन

कथकच्या वर्गात बसून अशी रेखाटनं करायची तर सुरुवात कुठून करावी?

रंगरेषा

@शाईपेन, एका कागदावर एकच आकृती पुरी करायला जाऊ नका. तालमीत एकच तुकडा दहा-पंधरा वेळा होतो, तो फायदा घ्या. मोठ्या कागदावर चार-पाच आकृत्या एकदम सुरू करा: सम, चक्कर सुरू होताना, हात वर जाताना, आणि थांबल्यावर श्वास घेताना. तीच जागा पुन्हा आली की त्या त्या आकृतीत दोन रेघा वाढवा. मध्यम जाडीची कोळशाची कांडी, खोडरबर नाही. कडेला शब्दांत टिपा लिहा, उजेड कुठून, भार कोणत्या पायावर. देगाच्या रेखाटनांवर अशा टिपा आणि मोठं करण्यासाठी आखलेले चौकोन, दोन्ही सापडतात. वर्गात ट्यूबलाइट असेल तर खालून उजेड मनाने घालू नका.

ततकार

भर घालते. विसाव्याच्या वेळी निघून जाऊ नका. घुंगरू सोडताना, पाणी पिताना, भिंतीला टेकून पाय लांब करताना मुली जशा बसतात ते काढा. आणि आधी गुरुजींची आणि मुलींच्या पालकांची परवानगी घ्या, रेखाटनं त्यांना दाखवा.

शाईपेन

घेतो. लंडनला नातेवाईक आहेत, तिथे यातलं काय बघायला सांगू?

तिसरी_घंटा

कोर्टोल्ड कलादालनातलं ‘मंचावरील दोन नर्तकी’ (१८७४), उजेड आणि मोकळी जमीन दोन्हीसाठी. आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं ‘रॉबेर ल दियाब्ल’ या ऑपेरामधल्या मृत जोगिणींच्या नाचाचं १८७६चं चित्र. तिथे जोगिणी मागे धूसर आहेत, पुढे प्रेक्षक आणि वादकांची डोकी स्पष्ट. त्यात दुर्बीण लावून मंचाऐवजी भलतीकडेच बघणारा गृहस्थ म्हणजे वर ज्याला पास मागितला तो हेश्त. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही, कोर्टोल्डला आहे.